एका शब्दाची धाव

इंग्रजीचे पहिले पुस्तक हाती आलेला मराठी मुलगा एकेका शब्दाचा एकेक अर्थ पाठ करतो. आर-यू-एन रन, रन म्हणजे धावणे. घोकलेला हा अर्थ चुकीचा नसतो. पुस्तकातला कुत्रा धावत असतो, मुलगा त्याच्यामागे धावत असतो आणि शेजारचे चित्रही तेच सांगत असते. अडचण पुढे येते. तोच मुलगा मोठा होऊन इंग्रजी वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा तेथे नाक धावते, नळ धावतो, दुकान धावते, कापडाचा रंग धावतो, कोर्टातील मुदत धावते आणि अमेरिकेतले वयोवृद्ध पुढारीसुद्धा अध्यक्षपदासाठी धावतात. शाळेत मिळालेला अर्थ खिशातल्या एका नाण्यासारखा असतो. त्या नाण्यात बाजारातील एक वस्तू विकत मिळते. सगळा बाजार मिळत नाही.

ह्या तीन अक्षरी शब्दाला एकंदर अर्थ तरी किती असावेत? इंग्रजी भाषेचा सर्वांत मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्डचा. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली. त्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद होती ती ‘सेट’ ह्या शब्दाची. त्याच्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ देण्यासाठी जवळजवळ साठ हजार शब्द खर्ची पडले होते. पुढे कोशाचे नव्याने संपादन सुरू झाले आणि २०११ मध्ये ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले. ‘रन’ ह्या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. ही नोंद पीटर गिलिव्हर ह्या संपादकांनी सिद्ध केली आणि तेवढ्या एका शब्दासाठी त्यांचे सुमारे नऊ महिने गेले.

साधा, पोराबाळांच्या तोंडचा शब्द विद्वानांना असा जेरीस आणतो, हे नवे नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला प्रख्यात इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने आपली खरी दमछाक कोणत्या शब्दांनी केली ते सांगितले आहे. ते शब्द ग्रीक वा लॅटिन वळणाचे, जडजंबाल नाहीत. येणे, जाणे, देणे, घेणे, करणे, ठेवणे असल्या अर्थांची ती घरगुती क्रियापदे आहेत आणि त्या यादीत ‘रन’ही आहे. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो एका ओळीत सांगून मोकळे होता येते. सोपा शब्द मात्र हाती धरू जावे तो निसटतो.

ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे ह्यांना हाच अनुभव दुसऱ्या वाटेने आला. हा कोश घडला तो हजारो वाचकांनी पाठविलेल्या चिठ्ठ्यांवर. ग्रंथ वाचावा, शब्द टिपावा, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य उतरून घ्यावे आणि चिठ्ठी संपादकाकडे धाडावी, अशी ती पद्धत होती. मरे ह्यांनी १८७९ मध्ये काम हाती घेतले, तेव्हा चिठ्ठ्यांच्या ढिगात त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ‘अब्यूजन’ ह्या जुनाट, कोणी न वापरणाऱ्या शब्दाच्या सुमारे पन्नास चिठ्ठ्या जमल्या होत्या. परंतु ‘अब्यूज’ ह्या नित्याच्या शब्दाच्या पाचही नव्हत्या. वाचकांनी दुर्मिळ ते तेवढे टिपले होते आणि रोजचे होते ते डोळ्यांपुढून तसेच जाऊ दिले होते. माणसाची दृष्टीच अशी आहे. अंगणात मोर उतरला तर सारे घर बाहेर येते. चिमणीची दखल कोणी घेत नाही. पण भाषेचा संसार चालतो तो चिमण्यांवर. कोशाचे छपाईस गेलेले पहिले पान १८८४ मध्ये बाहेर पडले आणि शेवटचे १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच निवर्तले. पुरा झालेला कोश त्यांना पाहावयास मिळाला नाही.

‘रन’ला इतके फाटे फुटले कसे, हे पाहण्यासाठी त्याच्या उगमाकडे जावे लागते. हा शब्द जर्मानिक कुळातला आहे. त्या कुळाच्या जुन्या भाषांत त्याचा पूर्वज दोन गोष्टींसाठी वापरला जाई : प्राण्याने पायांनी धावणे आणि पाण्याने उताराने वाहणे. आजच्या जर्मन भाषेत ह्या दोन अर्थांची वाटणी होऊन दोन क्रियापदे झाली आहेत. ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे. इंग्रजीने मात्र घर वाटून घेतले नाही. पाय आणि पाणी तेथे एकाच छपराखाली राहिले. म्हणून इंग्रजीत नदी ‘रन’ करते, डोळ्यांतले अश्रू ‘रन’ करतात, सर्दी झाली की नाक ‘रन’ करते, धुतलेल्या लुगड्याचा कच्चा रंग ‘रन’ करतो. मराठीने येथे वाहणे, ओघळणे, गळणे, फुटणे असे निरनिराळे शब्द योजले आहेत. नदी वाहते, अश्रू ओघळतात, नाक गळते, रंग जातो. जेथे इंग्रजी एका शब्दावर भागविते तेथे मराठी चार शब्द पुढे करते. त्यावरून मराठी श्रीमंत आणि इंग्रजी गरीब, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र कोणी करू नये. त्याचा समाचार पुढे घ्यावयाचाच आहे.

पाण्यानंतर यंत्रे आली. घड्याळ, गिरणी, वाफेचे इंजिन, आगगाडी, मोटार अशी एकामागून एक यंत्रे इंग्लंडात आली आणि ती सुरू असण्याच्या क्रियेला नाव देण्याचा प्रश्न पडला, तेव्हा इंग्रजी माणसाने नवा शब्द घडविला नाही. हाताशी होता तोच ‘रन’ त्याने यंत्राला जोडला. यंत्र ‘रन’ करू लागले, मग ते ‘रन’ करविणारा माणूस आला, मग कारखाना, शाळा, रुग्णालय, राज्यकारभार हे सारे माणसे ‘रन’ करू लागली. पुढे संगणक आला आणि त्याच्या आज्ञावलीही ‘रन’ होऊ लागल्या. ‘रन’च्या विस्तारात ह्या यंत्रयुगाचा वाटा फार मोठा आहे.

मराठीने ह्याच प्रसंगी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मराठीत घड्याळ चालते, गिरणी चालते, दुकान चालते, शाळा चालते, खटला चालतो, नाटक चालते. हिंदीतही दुकान चालते आणि गुजरातीतही चालते. जे काम इंग्रजांनी धावण्यावर सोपविले, ते इकडे चालण्यावर सोपविले गेले. ह्यावरून कोणी असेही म्हणेल की, धावणे हा त्यांचा स्वभाव आणि संथ चालणे हा आमचा. परंतु भाषेवरून स्वभाव ओळखण्याचा हा खेळ फसवा असतो. इंग्रजीतले ‘करंट’ हेच उदाहरण घ्यावे. बँकेतील ‘करंट अकाउंट’ला मराठीत चालू खाते म्हणतात. पण ‘करंट’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ धावणे. म्हणजे पुस्तकाच्या आत शिरून पाहिले तर तेथेही एक खाते धावतेच आहे, आणि मराठीत तेच खाते चालते आहे. दोघांचे व्याज मात्र सारखेच. चालू खात्याला बँक सहसा व्याज देत नाही.

शब्द एकदा मूळ क्रियेपासून सुटला की कोठपर्यंत जाईल, ह्याला मर्यादा राहत नाही. ‘रन’ची गंमत अशी की, पुष्कळ ठिकाणी तो धावण्याच्या अगदी विरुद्ध जाऊन बसला आहे. ऑस्ट्रेलियात मेंढ्या चारण्याच्या विस्तीर्ण कुरणाला ‘रन’ म्हणतात, आणि इंग्लंडात कोंबड्यांसाठी जाळी लावून केलेल्या आवारालाही ‘रन’च म्हणतात. जे धावू देते तेही ‘रन’ आणि जे फार दूर धावू देत नाही तेही ‘रन’. भारतीय रेल्वेत गाडी नेणारे चालक आणि गार्ड ह्यांना ‘रनिंग स्टाफ’ म्हणण्याचा प्रघात आहे. एका टोकाला पोचल्यावर परतीची गाडी मिळेपर्यंत ते ज्या खोलीत आडवे होतात, तिचे नाव ‘रनिंग रूम’. साऱ्या स्थानकावर धावपळ चाललेली असते, आणि जेथे कोणी धावत नाही अशा एकाच खोलीला ‘रनिंग रूम’ म्हणतात.

बँकेच्या बाबतीत हा विरोध अधिक गंभीर होतो. बँक बुडणार अशी आवई उठली आणि ठेवीदार आपले पैसे काढण्यास लोटले, म्हणजे इंग्रजीत त्याला बँकेवरील ‘रन’ म्हणतात. प्रत्यक्षात तेथे धावणारा कोणी दिसत नाही. दिसते ती माणसांची लांबच लांब रांग. इंग्लंडात २००७ च्या सप्टेंबरात नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांपुढे अशाच रांगा लागल्या होत्या. भारतात १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि ठेवीदारांचा विश्वास डळमळला. त्यातून धडा घेऊन १ जानेवारी १९६२ पासून ठेवींच्या विम्याची व्यवस्था अमलात आली. तेव्हा एका ठेवीदारामागे दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण होते. २०२० पासून ते पाच लाखांपर्यंत आहे. ह्या विम्याचा एक हेतू हाच की, एकाने घाबरून पाऊल उचलले म्हणून दुसऱ्याने उचलू नये. रांगेतला प्रत्येक जण संथ उभा असतो, परंतु त्याचे काळीज धावत असते; तो शब्द त्या काळजाला उद्देशून आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

निवडणुकीच्या संदर्भात तर एकाच भाषेच्या दोन घरांत दोन रीती दिसतात. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. मराठीतही उमेदवार निवडणुकीला उभा राहतो आणि निवडणूक लढवितो; धावत मात्र नाही. भारतातील निवडणुकीची पद्धत ब्रिटिश अमदानीत रुजली, तेव्हा हे उभे राहणेही तिच्याबरोबर आले असावे.

क्रिकेटच्या मैदानावर ‘रन’ मराठी माणसाच्या सर्वांत जवळ येतो. दोन फलंदाज खेळपट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावले की एक रन. अठराव्या शतकात गुण लिहिणारा माणूस काठीवर चाकूने खाच पाडी, म्हणून त्या काळी रनलाच ‘नॉच’ म्हणजे खाच म्हणत. काठी गेली, वही आली, खाच गेली आणि रन उरला. पुढे चेंडू सीमेपार गेला तर न धावताही चार रन मिळू लागले. मराठीने येथे शब्दाला शब्द ठेवून ‘धाव’ केले आणि ते छान रुळले. पण ‘रन आउट’ आला, तेव्हा मराठीने नुसती नक्कल केली नाही. तिने आखाड्यातील कुस्तीकडे पाहिले, पाठ टेकलेल्या मल्लाचा ‘चीत’ उचलला आणि ‘धावचीत’ हा शब्द घडविला. बाळ ज. पंडित ह्यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगितले, तेव्हा असले शब्द घराघरांतील कानांच्या ओळखीचे झाले. तेच ‘रन आउट’ हे दोन शब्द इंग्रजी गृहिणी स्वयंपाकघरात उच्चारते, तेव्हा तिची साखर संपलेली असते. तेथे ‘साखर धावचीत झाली’ असे कोणी लिहिले तर वाचणाऱ्याची करमणूक होईल, पण चहा गोड होणार नाही.

आतापर्यंत जे झाले ते करमणुकीचे. पण ह्या शब्दाच्या अर्थावर माणसाचे पैसे आणि आयुष्याची वर्षे अवलंबून असतात, अशीही एक जागा आहे. ती जागा न्यायालय. भारताच्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. कोणता दावा किती दिवसांत लावावा आणि ती मुदत कोणत्या क्षणापासून मोजावी, हे त्यात रकान्यांनी दाखविले आहे. इंग्रजी पाठात ह्या शेवटच्या रकान्याच्या मथळ्यात काळ ‘रन’ करू लागतो. हातउसने दिलेले पैसे वसूल करण्यास सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, आणि ती धावू लागते पैसे दिले त्या दिवसापासून. ऋणकोने नकार दिल्यापासून नव्हे, की धनकोच्या मनातला संकोच संपल्यापासून नव्हे. ह्याच कायद्याच्या नवव्या कलमाचा सर्वसाधारण नियम तर असा की, काळ एकदा धावू लागला की मागाहून आलेली कोणतीही अडचण त्याला थांबवीत नाही. भिडेखातर गप्प राहिलेल्या माणसाला वाटत असते की, आपण थांबलो म्हणजे सारेच थांबले. तो बसलेला असतो आणि मुदत धावत असते. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने कर्ज मान्य असल्याचे लिहून सही करून दिले, तर मात्र ती पुन्हा पहिल्यापासून धावू लागते. एवढे ज्याला ठाऊक आहे, तो आपले नाते आणि आपले पैसे ही दोन्ही राखू शकतो.

शिक्षेच्या बाबतीतही हाच शब्द उभा असतो. एका माणसाला दोन गुन्ह्यांसाठी पाच वर्षे आणि तीन वर्षे अशा दोन शिक्षा झाल्या आणि त्या एकत्र ‘रन’ करतील असे न्यायालयाने लिहिले, तर तो पाच वर्षांनी सुटतो. त्या एकीमागून एक ‘रन’ करतील असे लिहिले, तर आठ वर्षांनी. मराठीत शिक्षा एकत्र भोगावयाची असते किंवा लागोपाठ भोगावयाची असते. इंग्रजीत धावते ती शिक्षा. मराठीत कर्ता होतो तो माणूस, आणि क्रियापद येते भोगण्याचे. अशा निकालाचा अनुवाद करणाऱ्याने शाळेतला ‘रन म्हणजे धावणे’ हा अर्थ जवळ बाळगून भागत नाही. धावणे सोडून त्याला भोगण्यापर्यंत यावे लागते, आणि हे अंतर तीन वर्षांचे असू शकते.

इंग्रजी फार विचित्र भाषा आहे, असे येथवर कोणाच्या मनात आले असेल, तर त्याने क्षणभर उलट बाजूने पाहावे. मराठी शिकू इच्छिणाऱ्या परभाषी माणसाला पहिल्या दिवशी सांगितले जाते की, लागणे म्हणजे स्पर्श होणे. दुसऱ्या दिवसापासून त्याला भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते आणि दिवाही लागतो. परीक्षेचा निकाल लागतो, हरवलेल्या वस्तूचा पत्ता लागतो, आंब्याच्या झाडाला कैऱ्या लागतात. घाटातून जाताना कोणाला गाडी लागते, आणि फलाटावर जी गाडी लागते ती वेगळीच असते. एकजण विचारतो, हा तुमचा कोण लागतो. दुसरा विचारतो, किती पैसे लागतील. आणि शब्द मनाला लागले म्हणून तिसरा उठून जातो. मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये सिद्ध करणाऱ्या मोल्सवर्थपासून आजच्या परप्रांतीय विद्यार्थ्यापर्यंत प्रत्येकाला हा डोंगर ओलांडूनच पुढे जावे लागते. आणि ‘जावे लागते’ म्हणतानासुद्धा ‘लागणे’ पुन्हा आडवे येतेच. ‘चालणे’ही काही कमी नाही. चहा चालेल का, असे यजमानाने विचारले तर नवखा पाहुणा कपाकडे पाहत राहतो. तेव्हा गरीब कोणीच नाही. प्रत्येक भाषेने आपल्या घरातील दोन-चार कष्टाळू शब्द निवडले आहेत आणि संसाराचे ओझे त्यांच्या खांद्यांवर दिले आहे. इंग्रजीने निवडले ते आणि मराठीने निवडले ते एक नव्हेत, एवढाच काय तो भेद.

ह्यातून शिकणाऱ्याने आणि शिकविणाऱ्याने घ्यावयाचा बोध साधा आहे. शब्दाचा अर्थ एकट्या शब्दात राहत नाही. तो त्याच्या शेजाऱ्यांत राहतो. ‘रन’चे ६४५ अर्थ कोणी पाठ करीत नाही आणि इंग्रजाच्या मुलालाही ते कोणी शिकविलेले नसतात. नाकाशेजारी ‘रन’ आला, बँकेशेजारी आला, मुदतीशेजारी आला, असा तो त्याला एकेका सोबत्यासह भेटत गेला आणि ओळखीचा झाला. इंदूरला, बडोद्याला किंवा दिल्लीला वाढणारे मराठी मूल शेजाऱ्यांच्या भाषा अशाच रीतीने शिकते. पुस्तकातील यादीने त्याला शब्द मिळतात. अंगणातील सोबतीने त्यांचे अर्थ मिळतात.

अनुवादकालाही ह्याहून वेगळा मार्ग नाही. मराठीने जेथे शब्द नीट ऐकला, तेथे तिने सुंदर जोड्या लावल्या आहेत. विमानाच्या ‘रनवे’ला तिने धावपट्टी म्हटले, चालू खेळाच्या ‘रनिंग कॉमेंटरी’ला धावते समालोचन म्हटले, आणि शिवणातील ‘रनिंग स्टिच’ला तर धावदोरा हे सुरेख नाव तिच्यापाशी आहे. ह्या ठिकाणी धाव शोभली, म्हणून ती ठेवली. दुकान, घड्याळ आणि नाटक ह्यांच्या बाबतीत ती शोभली नाही, म्हणून तेथे ‘चालणे’ राहू दिले. हा विवेक कोणत्याही एका कोशकाराने केलेला नाही. शिंप्याने, समालोचकाने, वकिलाने, दुकानदाराने आणि घरातल्या माणसांनी तो आपापल्या जागी केला आहे.

वर्तमानपत्रातले ‘रन’ पाहून गोंधळलेला तो विद्यार्थी पुढे कधी कोश उघडील, तेव्हा त्याला दिसेल की, आपण शाळेत शिकलो तो अर्थ त्या दीर्घ नोंदीत नाहीसा झालेला नाही. तो आपल्या जागी आहे; त्याच्यामागून शेकडो अर्थ रांगेने आले आहेत. गुरुजींनी त्याला खोटे सांगितले नव्हते. त्यांनी फक्त पहिले पाऊल दाखविले होते. पुढची धाव ज्याची त्याने घ्यावयाची असते.